आधी दगड, मग ढोल : हंगेरीतले रेनेसाँस उत्सव आणि प्रदर्शनं कशी पाहावीत

बुडापेश्टला उतरून पैसे बदलले की हजार फोरिंटची निळी नोट हातात येईल. ती लगेच खर्च करू नका. पुढच्या बाजूला लांब केसांचा राजा आहे. तो माट्याश हुन्यादी, म्हणजे इतिहासात माट्याश कोर्विनस या नावानं गाजलेला. नोट उलटली की एक कारंजं दिसतं. ते विशेग्राद नावाच्या छोट्या गावातल्या राजवाड्यातलं हर्क्युलीसचं कारंजं. दर उन्हाळ्यात त्याच राजवाड्याच्या परिसरात घोडेस्वार, तिरंदाज, ससाणे पाळणारे आणि ढोलवाले जमतात आणि जुना दरबार पुन्हा उभा करतात.

आपल्याकडच्या बहुतेक सहलींत व्हिएन्ना आणि प्रागच्या मधे बुडापेश्टचे दोन दिवस असतात. संसद, नदीवरची संध्याकाळची फेरी, गरम पाण्याची कुंडं, की झालं. हा लेख त्या दोन दिवसांना आणखी तीन-चार दिवस जोडायला तयार असलेल्यांसाठी आहे. जर्मनी-नेदरलँड्समध्ये राहणारी मराठी कुटुंबं आणि हंगेरीतच शिकणारी आपली मुलं यांना तर हे सहज जमेल.

माझं म्हणणं पहिल्यांदाच सांगते, कारण पुढची सगळी आखणी त्यावर आहे. हंगेरीतला रेनेसाँस, म्हणजे प्रबोधनकाळ, फ्लोरेन्ससारखा उभ्या इमारतींत सापडत नाही. तो तुकड्यांत सापडतो. माट्याश १४५८ साली राजा झाला तेव्हा त्याला पंधरावंही पूर्ण झालं नव्हतं. १४७६ मध्ये नेपल्सची राजकन्या बेआत्रीचे त्याच्याशी लग्न करून आली आणि इटलीतले शिल्पी, विद्वान, पुस्तकं सजवणारे चित्रकार यांचा बुडाच्या, म्हणजे आजच्या बुडापेश्टच्या टेकडीकडच्या भागातल्या, दरबारातला राबता फार वाढला. आल्प्सच्या उत्तरेला इतक्या लवकर आणि इतक्या थाटात ही कला दुसरीकडे क्वचितच पोचली. पण १४९० मध्ये राजा गेला, १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत हंगेरीचं सैन्य कापलं गेलं, १५४१ मध्ये बुडा उस्मानी तुर्कांकडे गेलं आणि १४५ वर्षं त्यांच्याकडे राहिलं. १६८६ मध्ये ख्रिस्ती फौजांनी ते परत जिंकलं, ते तोफांनी भाजून काढूनच. माट्याशचा बुडाचा राजवाडा त्यात संपला.

म्हणून इथे उत्सव आणि प्रदर्शन या दोन्ही गोष्टी एकमेकींशिवाय अपुऱ्या आहेत. संग्रहालयात फुटका कठडा दिसतो, पण त्या कठड्याला टेकून कोण उभं होतं ते दिसत नाही. उत्सवात माणसं दिसतात, पण त्यांच्या मागची भिंत कधी पाचशे वर्षांची असते, तर कधी पंचवीस वर्षांची. क्रम सांभाळा : आधी दगड पाहा, मग ढोल ऐका. मी पहिल्यांदा उलटं केलं होतं. उत्सवाच्या गर्दीतून थकून संग्रहालयात शिरले आणि समोरच्या लाल दगडांत मला काहीच दिसेना.

पहिली पायरी : नावं उच्चारायला शिका

ही पायरी टाळू नका. तिकीट खिडकीवर, बसमध्ये, रस्ता विचारताना तीच उपयोगी पडते. हंगेरियन लिपी रोमन असली तरी अक्षरांचे उच्चार वेगळे आहेत. आपण ज्याला एस म्हणतो ते एकटं आलं की 'श', आणि त्याच्यापुढे झेड जोडला की 'स'. म्हणून बुडापेस्ट नव्हे, बुडापेश्ट. व्हिसेग्राड नव्हे, विशेग्राद. सी आणि एस एकत्र आले की 'च'. प्रत्येक शब्दाचा पहिला अवयव जोरात म्हणायचा. माणसाचं आडनाव आधी येतं, नाव नंतर. त्यामुळे रस्त्यांच्या पाट्यांवर आणि संग्रहालयात 'हुन्यादी माट्याश' असं वाचायला मिळेल.

काही शब्द पाठ असू द्या. 'वार' म्हणजे किल्ला, 'पालोता' राजवाडा, 'किआल्लीताश' प्रदर्शन, 'येद्य' तिकीट, 'न्यित्वा' उघडं, 'झार्वा' बंद, 'हेत्फो' सोमवार. शेवटचे दोन एका पाटीवर दिसले तर वळून दुसरीकडे जा, कारण हंगेरीतली बहुतेक संग्रहालयं सोमवारी बंद असतात. 'लोवागी तोर्ना' म्हणजे सरदारांची भालास्पर्धा. आणि 'वाशार' म्हणजे जत्रेतला बाजार. हा शब्द हंगेरियन भाषेत जुन्या इराणी भाषेतून गेला. आपला 'बाजार' फारसीतून आला. मूळ एकच.

दुसरी पायरी : कोणता काळ पाहायचा ते ठरवा

'रेनेसाँस उत्सव' या एका पाटीखाली तीन वेगळे काळ मिसळलेले असतात. ते वेगळे करता आले तर कुठे जायचं हे आपोआप ठरतं.

पहिला काळ चौदाव्या शतकातल्या आंजू घराण्याचा. राजा कारोय रोबेर्टनं १३२३ मध्ये दरबार विशेग्रादला हलवला आणि १३३५ मध्ये तिथे बोहेमिया आणि पोलंडच्या राजांना बोलावून मोठी बैठक भरवली. त्या काळच्या बखरीत पाहुण्यांचा रोजचा शिधा नोंदवला आहे : बोहेमियाच्या राजाच्या लवाजम्याला २५०० पाव, पोलंडच्या राजाला १५००. १९९१ मध्ये मध्य युरोपातल्या देशांनी आपल्या गटाला विशेग्रादचं नाव दिलं ते याच बैठकीची आठवण म्हणून. काटेकोर पाहिलं तर हा मध्ययुग आहे, रेनेसाँस नव्हे. पण विशेग्रादच्या उत्सवाचा गाभा हाच आहे.

दुसरा माट्याशचा, १४५८ ते १४९०. खरा रेनेसाँस. याच्यासाठी बुडा, विशेग्राद आणि एस्तेरगोम.

तिसरा सोळाव्या शतकातला, तुर्कांच्या सीमेवरच्या किल्ल्यांचा. एका हातात तलवार आणि दुसऱ्या हातात पुस्तक असलेल्या सरदारांचा हा काळ. एगेरचा १५५२ चा वेढा, क्यॉसेगचा १५३२ चा वेढा, शारोशपताकचा किल्ला, शारवारचा छापखाना हे सगळं इथे येतं. किल्ले पाहत वाढलेल्या मराठी माणसाला हा काळ सर्वांत लवकर जवळचा वाटतो.

पहिल्यांदा जात असाल तर दुसरा काळ धरा. उत्सव पहिल्या काळाचा असला तरी हरकत नाही, जागा तीच आहे.

तिसरी पायरी : तारखा आणि व्हिसा

विशेग्रादचे राजवाडा-खेळ साधारण जुलैच्या मध्यास, आठवड्याच्या शेवटी होतात. ऑगस्टमध्ये क्यॉसेगला वेढ्याचे दिवस साजरे होतात आणि सेकेशफेहेरवारला राजांचा उत्सव असतो. हंगेरीच्या राजांचा राज्याभिषेक याच सेकेशफेहेरवारला होई, आणि माट्याशला पुरलं तेही तिथेच. २० ऑगस्टला हंगेरीचा राष्ट्रीय सण असतो. त्या सुमारास बुडाच्या किल्ल्यावर लोककारागिरांचा मोठा मेळा भरतो. तो रेनेसाँसचा उत्सव नाही, पण चामडं, लोखंड, माती आणि लाकूड यांवर हात चालताना पाहायचे असतील तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. त्या दिवसांत बुडापेश्टमध्ये राहायच्या जागा महाग होतात, तेव्हा खोली आधी पक्की करा.

कार्यक्रमपत्रिका बहुधा आधी हंगेरियनमध्ये येते आणि उत्सवाच्या थोडेच आठवडे आधी येते. गावाच्या पालिकेचं आणि तिथल्या संग्रहालयाचं अधिकृत संकेतस्थळ पाहा, चालू वर्षाचा आकडा घालून शोधा, भाषांतराचं ॲप वापरा. जुन्या वर्षाची पत्रिका वर येते आणि माणूस चुकीच्या शनिवारी जाऊन उभा राहतो. दोन गोष्टी मुद्दाम विचारून घ्या : उत्सवाच्या तिकिटात राजवाड्याचं संग्रहालय धरलेलं आहे का, आणि भालास्पर्धेसाठी वेगळी बैठक आहे का.

हंगेरीसाठी भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपर्यंत करता येतो, आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण त्या कडेपर्यंत थांबू नका, कारण उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही. जुलैसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये हालचाल सुरू केली तर मन शांत राहतं. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

चौथी पायरी : प्रदर्शनांचा अभ्यास घरी करा

माट्याशचं सर्वांत मोठं वैभव म्हणजे त्याचं ग्रंथालय, बिब्लिओथेका कोर्विनियाना. त्यात दोन हजारांच्या आसपास हस्तलिखित ग्रंथ होते असा अंदाज आहे. आज जगभर मिळून दोनशेच्या थोडे वर उरले आहेत, तेही अनेक देशांत विखुरलेले. एकेका ग्रंथाला 'कोर्विना' म्हणतात. बरेच तुर्कांबरोबर इस्तंबूलला गेले होते. १८७७ मध्ये सुलतान दुसरा अब्दुल हमीद यानं त्यांतले काही बुडापेश्टला परत पाठवले. लढाईत गेलेली पुस्तकं साडेतीनशे वर्षांनी भेट म्हणून घरी येतात, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. हा संग्रह २००५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतीच्या नोंदवहीत गेला.

पण 'बुडापेश्टला गेलो की कोर्विना पाहू' असं धरून चालू नका. चर्मपत्रावरचे रंग उजेडानं विटतात, म्हणून हे ग्रंथ मंद प्रकाशात, थोड्या महिन्यांसाठीच बाहेर काढतात आणि मग पुन्हा अंधारात ठेवतात. मोठी प्रदर्शनं बहुतेक एखाद्या निमित्तानं होतात. माट्याशच्या राज्यारोहणाला ५५० वर्षं झाली म्हणून २००८ हे वर्ष हंगेरीत रेनेसाँस वर्ष म्हणून साजरं झालं आणि बुडापेश्टच्या इतिहास संग्रहालयात माट्याशवर भव्य प्रदर्शन भरलं. २०१३ मध्ये फ्लोरेन्सच्या सान मार्को संग्रहालयात माट्याश आणि फ्लोरेन्स यांच्या नात्यावर प्रदर्शन झालं. २०१८च्या नोव्हेंबरपासून सेचेन्यी राष्ट्रीय ग्रंथालयानं कोर्विना आणि त्या तयार करणारी बुडाची कार्यशाळा यांवर प्रदर्शन मांडलं, ते २०१९च्या फेब्रुवारीपर्यंत चाललं. २०२६ हे मोहाचच्या लढाईचं पाचशेवं वर्ष. अशा वर्षांत जाणार असाल तर विमानाचं तिकीट काढण्याआधी संग्रहालयांचे कार्यक्रम चाळा.

प्रदर्शन नसेल तरी निराश होऊ नका. राष्ट्रीय ग्रंथालयानं कोर्विना पानोपान डिजिटल रूपात ठेवल्या आहेत. जाण्याआधी दोन संध्याकाळी त्या पाहा, मुलांना घेऊन पाहा. पानांच्या कडांना शोधायच्या गोष्टी अशा : चोचीत अंगठी धरलेला कावळा (कोर्विनस हे नाव कावळ्यावरूनच आलं), विहीर, मधमाश्यांचं पोळं, वाळूचं घड्याळ, पिंप, हिऱ्याची अंगठी, अजगरासारखा ड्रॅगन. ही राजाची बोधचिन्हं. ती ओळखीची झाली की उत्सवातल्या झेंड्यांवर आणि ढालींवर ती दिसायला लागतात. मुलांना मोजायला सांगा. दिवसभर गुंतून राहतात.

पाचवी पायरी : बुडाचा एक दिवस

देआक चौकातून १६ क्रमांकाची बस किल्ल्याच्या टेकडीवर जाते. सकाळी उघडताच बुडापेश्ट इतिहास संग्रहालयात शिरा. ते राजवाड्याच्या दक्षिणेकडच्या भागात आहे. वरच्या मजल्यांवर शहराचा इतिहास आहे, तो नंतर बघा. आधी खाली उतरा. दुसऱ्या महायुद्धात राजवाडा पुन्हा जळाला, तेव्हा ढिगाऱ्याखाली मध्ययुगीन खोल्या सापडल्या. त्यांतून चालताना तुम्ही माट्याशच्या काळाच्या जमिनीवर असता. १९७४ मध्ये इथल्याच उत्खननात मिळालेले गॉथिक पुतळे पाहा. ते माट्याशच्या आधीचे आहेत, पण चेहरे इतके जिवंत की पाय निघत नाही. मग रेनेसाँसचे अवशेष : लाल दगडाचे कठड्याचे खांब, कोरीव चौकटी, रंगीत झिलईच्या फरशा.

इथेच एक सवय लावून घ्या, ती पुढे सगळीकडे उपयोगी पडेल. प्रत्येक वस्तूपुढे विचारा : हे मूळचं आहे, जुळवलेलं आहे, की नव्यानं घडवलेलं आहे? हंगेरियन जीर्णोद्धारात नवा भाग बहुधा वेगळ्या रंगानं किंवा पोतानं दाखवतात, म्हणजे डोळ्यांना फरक कळावा. गुळगुळीत फिकट भाग नवा, झिजलेला गडद भाग जुना. एकदा नजर बसली की अर्ध्या खांबावरून आख्खा सज्जा मनात उभा करता येतो.

बाहेर पडलात की राजवाड्याच्या भिंतीशी माट्याशचं कारंजं दिसेल, शिकारीचा देखावा असलेलं. सुंदर आहे, पण १९०४ सालचं आहे. ते रेनेसाँस दाखवत नाही. चारशे वर्षांनंतरच्या हंगेरीला आपला राजा कसा आठवत होता ते दाखवतं. लोककथांतला माट्याश वेष बदलून गावोगाव हिंडतो आणि गरिबाला न्याय देतो. 'माट्याश गेला, न्याय संपला' ही तिथली म्हण आजही ऐकू येते. तिथून चालत माट्याश चर्चला जा. त्याची लग्नं इथे लागली. जवळच हेस आंद्राशच्या नावाचा चौक आहे. १४७३ मध्ये हंगेरीतलं पहिलं पुस्तक या हेसनं बुडात छापलं. ज्या राजाचं ग्रंथालय हातानं लिहिलेल्या पुस्तकांनी सजलेलं होतं, त्याच्याच राजधानीत छापखानाही आला.

किल्ल्याच्या परिसरात गेली काही वर्षं मोठी बांधकामं चालू आहेत. एखादं दालन बंद असू शकतं. आदल्या दिवशी पाहून घ्या.

सहावी पायरी : विशेग्राद, उत्सवाचा दिवस

कसं जायचं : न्युगाती स्थानकातून सोबकडे जाणारी गाडी पकडा आणि नाग्यमारोश-विशेग्राद या स्थानकावर उतरा. तासाभराच्या आत पोचता. स्थानक दान्यूब नदीच्या पैलतीरावर आहे, तिथून तरीनं नदी ओलांडायची. नदीतून समोरचा किल्ला हळूहळू मोठा होत येतो, म्हणून मला हीच वाट आवडते. दुसरा मार्ग म्हणजे मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेवरच्या उयपेश्त-वारोशकापू स्थानकाबाहेरून सुटणारी बस, ती थेट गावात सोडते. उत्सवाच्या दिवशी रस्ते तुंबतात, तेव्हा आगगाडी बरी. बुडापेश्टहून बोटीनंही जाता येतं, पण प्रवाहाविरुद्ध फार वेळ लागतो. परतीच्या शेवटच्या तरीची वेळ उतरल्या उतरल्या पाहून ठेवा. रात्री ढोल चालू असतात आणि घड्याळाकडे लक्ष जात नाही.

सकाळी आधी राजवाडा. त्याची गोष्ट अशी. १४८३ मध्ये पोपच्या दूतानं इथून पत्र लिहिलं ते 'भूलोकीच्या स्वर्गातून'. १५३६ मध्ये ओलाह मिक्लोश या हंगेरियन विद्वानानं लिहून ठेवलं की इथे ३५० दालनं होती आणि सणासुदीला कारंज्यातून पाण्याऐवजी लाल आणि पांढरी वाइन वाहायची; डोंगराच्या पायथ्याशी नळांत ती चतुराईनं ओतली जाई. १५४४ मध्ये तुर्कांनी विशेग्राद घेतलं. राजवाडा पडला, डोंगराची माती वर आली, उरलेले दगड लोकांनी घरांसाठी नेले. पुढे तर असा राजवाडा खरंच होता का, अशी शंका घेण्यापर्यंत वेळ आली. १९३४च्या डिसेंबरअखेर यानोश शुलेक या वास्तुविशारदाला मातीखाली त्याच्या भिंती लागल्या. ओलाह खोटं बोलला नव्हता.

आज प्रांगणात जे लाल हर्क्युलीस कारंजं उभं दिसतं ते नव्यानं घडवलेलं आहे. मूळचे तुकडे आत संग्रहालयात आहेत. आधी आत जा. बाल हर्क्युलीस अनेक तोंडांच्या हायड्रा सर्पाशी झुंजतोय, बाजूंना राजचिन्हं कोरली आहेत. हे काम जोव्हान्नी दाल्माता या शिल्पकाराचं मानतात. तो आजच्या क्रोएशियातल्या त्रोगीरचा. ज्याला लाल संगमरवर म्हणतात तो खरं तर जवळच्या गेरेचे डोंगरातला लाल चुनखडक, घासला की संगमरवरासारखा चमकतो. तुकडे पाहून मग बाहेर या आणि नवं कारंजं बघा. आता ती हजाराची नोट खिशातून काढा.

दुपारी उत्सव. जागा लवकर धरा, आणि भालास्पर्धेला सूर्य पाठीशी राहील अशी धरा. जुलैत पारा तिशीच्या पुढे जातो. टोपी, पाण्याची बाटली आणि अचानक येणाऱ्या वळवासारख्या पावसासाठी हलकं जाकीट जवळ ठेवा. मोठी मिरवणूक, घोड्यावरच्या कसरती, तिरंदाजी आणि ससाण्यांचा खेळ हे मुख्य आकर्षण. ससाण्यांचा खेळ मला सर्वांत आवडतो. हंगेरीतली ही परंपरा २०१२ पासून युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. पक्षी हातमोजावरून सुटतो, मैदानावरून खाली झेपावतो आणि पुन्हा त्याच हातावर येऊन बसतो, तेव्हा हजारभर माणसं श्वास रोखून धरतात. पक्ष्याजवळ जायचं तर आधी विचारा, फ्लॅश वापरू नका.

तिरंदाजांचे धनुष्य पाहून ठेवा. लाकूड, शिंग आणि स्नायू चिकटवून केलेल्या आखूड पूर्वेकडच्या धनुष्याची ही परंपरा आहे, घोड्यावरून मारता येईल अशी. कारागिरांच्या पालांवर घाई करू नका. लोहार, कातडीकाम करणारे, कुंभार काम थांबवून दाखवतात. दोन-चार हंगेरियन शब्द बोललात तर आणखी मनापासून दाखवतात. रोख फोरिंट जवळ ठेवा, सगळीकडे कार्ड चालेलच असं नाही.

खाण्याचं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडचे निम्मे प्रश्न त्यावरच असतात. उत्सवात मोठ्या कढईत गुयाश, म्हणजे मांसाचा रस्सा, शिजत असतं, लालभडक. ते चविष्ट आहे, पण माट्याशच्या ताटात ते नव्हतं. पाप्रिका म्हणजे मिरची. ती अमेरिकेतून आली, आणि कोलंबस निघाला त्याच्या दोन वर्षं आधी माट्याश वारला होता. टोमॅटो, बटाटा, मकाही तसेच. मग त्याच्या दरबारात काय होतं? तिथे राहिलेला इटालियन विद्वान गालेओत्तो मार्झिओ लिहून ठेवतो की हंगेरियन लोक केशर, लवंग, दालचिनी, मिरी आणि आलं भरपूर वापरतात, आणि बोटांनी जेवतात. केशरानं सगळ्यांची बोटं पिवळी होत, पण राजाचे कपडे मात्र कधी डागाळत नसत, याचं त्याला नवल वाटलं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून निघालेली मिरी किती हात बदलून त्या टेबलावर पोचत असेल. एखाद्या खानावळीत 'रेनेसाँस जेवण' लिहिलं असेल तर त्यात मिरचीऐवजी हे मसाले आहेत का बघा. असतील तर बनवणाऱ्यानं अभ्यास केलेला आहे.

शाकाहारी असाल तर लांगोश हा मुख्य आधार : तेलात तळलेली जाड पोळी, वर लसूण, आंबट साय आणि चीज. तळताना डुकराची चरबीही वापरतात, म्हणून विचारून घ्या. चरबीला 'झीर' म्हणतात. 'तूरोश चुसा' हा पनीरसारख्या चीजचा पदार्थ ऐकायला निर्धोक वाटतो, पण त्यावर बहुतेक वेळा खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. तळलेलं चीज, उकडलेलं कणीस, लाकडी दांड्यावर गुंडाळून भाजलेला गोड क्युर्तोशकालाच आणि बोझा (एल्डर नावाच्या झुडपाच्या) फुलांचं सरबत हे मुलांनाही आवडतं.

पायांत ताकद उरली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी वरचा किल्ला चढा. चढ खडा आहे, पाऊण तास धरा. गाडीनंही जाता येतं. हंगेरीचा पवित्र मुकुट इथे ठेवत. फेब्रुवारी १४४० मध्ये तेव्हाच्या राणीची, एलिझाबेथची, दासी हेलेने कोटानर हिनं कुलुपं कापून तो इथून पळवला, उशीत लपवला आणि गोठलेल्या दान्यूबवरून घसरगाडीनं राणीकडे नेला. राणीनं मुलाला जन्म दिला तो दुसऱ्याच दिवशी. हेलेनेनं ही हकिगत स्वतः सांगून ठेवली आहे. तटावर उभं राहून खाली नदीचं वळण बघताना तिची आठवण ठेवा.

सातवी पायरी : एस्तेरगोम

विशेग्रादहून नदीकाठानं बस एस्तेरगोमला जाते. इथली प्रचंड बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, १८२२ ते १८६९ या काळातली आहे. पण तिच्या पोटात बाकोत्स चॅपेल हे छोटं प्रार्थनागृह आहे, आणि तेवढ्यासाठीच हा दिवस राखून ठेवा. आर्चबिशप बाकोत्स तामाशनं १५०६ मध्ये त्याची पायाभरणी केली, लाल दगडात, अस्सल इटालियन पद्धतीनं. आतली पांढऱ्या संगमरवराची वेदी इटलीतल्या फिएसोलेच्या आंद्रेया फेर्रुच्चीनं १५१९ मध्ये घडवली. नवी बॅसिलिका बांधायची ठरली तेव्हा हे चॅपेल पाडलं नाही. सुमारे १६०० तुकड्यांत सुटं केलं आणि जागा बदलून पुन्हा जसंच्या तसं उभं केलं. हंगेरीत आख्खा उभा राहिलेला माट्याशनंतरच्या पिढीचा रेनेसाँस पाहायचा तर तो इथे. बुडात आणि विशेग्रादला पाहिलेले सगळे तुकडे इथे आपापल्या जागी बसलेले दिसतात : कमान, खांब, कोरीव पट्टी, घुमट. दहा मिनिटं आत बसा, बोलू नका.

शेजारच्या किल्ल्याच्या संग्रहालयात चार सद्गुणांची भित्तिचित्रं आहेत, माट्याशचा गुरू वितेझ यानोश याच्या अभ्यासिकेतली. त्यांतलं एक तरुण बोत्तिचेल्लीचं असावं असं काही अभ्यासक म्हणतात, काही मानत नाहीत. चित्र मात्र कुणाचंही असो, पाहण्यासारखं आहे.

वेळ उरला तर

पूर्वेला शारोशपताक. पाचशे फोरिंटच्या नोटेवर आहे तो किल्ला हाच. लाल बुरूज आणि सोळाव्या शतकातला पेरेन्यी सज्जा, एवढ्यासाठी बुडापेश्टच्या केलेती स्थानकातून साडेतीन-चार तासांचा आगगाडीचा प्रवास करावा. १६५० पासून चार वर्षं शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस या गावच्या शाळेत शिकवत होता. पश्चिमेला शारवार, जिथे १५४१ मध्ये बायबलमधल्या नव्या कराराचं हंगेरियन भाषांतर छापून झालं. आणि क्यॉसेग, जिथे १५३२ च्या वेढ्यातून गाव वाचलं म्हणून आजही घंटा बाराऐवजी सकाळी अकराला वाजते. दोन्ही व्हिएन्नाहून येता-जाता जमण्यासारखी आहेत.

माट्याशचं जन्मघर पाहायचं असेल तर मात्र हंगेरीबाहेर जावं लागेल. ते कोलोझ्वारला, म्हणजे आजच्या रोमानियातल्या क्लुज-नापोकाला आहे. चौकात फाद्रुस यानोशनं घडवलेला त्याचा १९०२ सालचा अश्वारूढ पुतळा आहे. रोमानिया २०२५च्या जानेवारीपासून शेंगेनमध्ये पूर्णपणे आला आहे, त्यामुळे त्याच व्हिसावर जाता येतं. अर्ज भरताना राहण्याच्या दिवसांत हे दोन दिवस धरायला विसरू नका.